सव्वापाचच्या गाडीनंतर

माझ्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, सगळे अप्पा म्हणत. नोकरी तारखात्यात. छंद विचाराल तर पक्षी, जुनी नाणी, रेडिओ, फोटो, रोजच्या तापमानाच्या नोंदी, शिवाय मधूनच डोकं वर काढणारं बुलबुलतरंग आणि गुलाबाची कलमं. गेल्या पावसाळ्यात अप्पा गेले. दिवाळीत माळा आवरताना त्यांच्या वह्यांचं खोकं खाली आलं आणि मामानं परस्पर जाहीर केलं की जानेवारीत सिन्नरला जायचं. लग्नानंतरची पहिली वर्षं अप्पा आणि आजी सिन्नरला होते आणि पक्ष्यांच्या बहुतेक वह्या तिथल्याच, १९६९ ते १९७५ मधल्या. आजी आधी म्हणाली, "मला कशाला नेता, गुडघे दुखतात." दुसऱ्या दिवशी दशम्यांना किती दूध लागेल त्याचा हिशेब करत होती.

शुक्रवार : पुणे – खोडद – सिन्नर

शुक्रवारीच निघालो ते खोडदसाठी. तिथली महाकाय रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, एरवी बघायला मिळत नाही. शुक्रवारी मिळते, तीही आधी परवानगी काढली असेल तर. पहाटे साडेपाचला घर सोडल्यामुळे चाकणची गर्दी टळली, रस्त्याबद्दल एवढंच.

नारायणगावहून आत वळलं की द्राक्षबागांच्या वर एक पांढरी तबकडी दिसते. मग दुसरी, तिसरी, आणि मोजण्यात अर्थ नाही हे कळतं. एकूण ३० आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ मधोमध दाटीनं, बाकीच्या १६ वाय अक्षराच्या तीन हातांवर गावोगाव पसरलेल्या. दोन टोकांमधलं अंतर २५ किलोमीटरपर्यंत जातं. आत शिरताना मोबाइल पूर्ण बंद करायला सांगतात. आकाशातून येणारे संदेश इतके क्षीण असतात की खिशातला फोनसुद्धा त्यांच्यापुढे आरडाओरडा करतो.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, इथे शाळकरी पोरांची जत्रा असते. मी सातवीत असताना अप्पांनी मला आणि मावसभावाला एसटीनं आणलं होतं. आम्हाला पडलेला प्रश्न साधा होता. तबकडी नुसती तारेच्या जाळीची, आरपार आभाळ दिसतं, मग लहरी गळून जात नाहीत का? अप्पा तिथे काही बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी आजीची रव्याची चाळण घेतली, आधी रवा टाकला, मग मूठभर शेंगदाणे. "रवा म्हणजे प्रकाश, तो खाली जाणार. शेंगदाणा म्हणजे रेडिओची लहर. भोकं एक-दोन सेंटिमीटरची, लहर २१ सेंटिमीटर ते काही मीटर. कशी गळेल?" ओटाभर रवा सांडल्याबद्दल आजीनं जे ऐकवलं तेही मला पाठ आहे.

या वेळी माहिती देणाऱ्या मुलीनं पुढचं सांगितलं. जाळीमुळे वारा आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्च खूप कमी झाला. ही कल्पना प्रा. गोविंद स्वरूप यांची. मामानं तिला अप्पांचं एक कात्रण दाखवलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचं स्कियापारेली यान मंगळावर उतरत होतं, त्याचा संदेश इथल्या तबकड्यांनी टिपला आणि उतरण्याच्या जरा आधी तो थांबल्याचंही इथे दिसलं. यान आपटलं होतं. कात्रणाखाली अप्पांच्या अक्षरात, "रिसीव्ह झाली. पोचली नाही." जन्मभर तारा घेतलेल्या माणसाची नोंद. ती मुलगी हसली आणि तिनं फोटो काढायला सवयीनं मोबाइलसाठी खिसा चाचपला.

परत गाडीत बसलो तरी फोन बराच वेळ बंदच राहिले. मामा बोटांनी स्टिअरिंगवर ठोकत होता. दोन लांब, तीन आखूड. तीन आखूड, दोन लांब. हे ७३, तारवाल्यांचा आणि हौशी रेडिओवाल्यांचा 'नमस्कार'. मोर्समध्ये, म्हणजे तारेच्या लांब-आखूड लिपीत, उलटं वाचलं तरी तेच येतं, म्हणून लहानपणी आम्हा सगळ्यांना आधी हेच शिकवलेलं. मागून आवाज आला. आजी डब्याच्या झाकणावर ठोकत होती. तीन लांब, दोन आखूड, पुन्हा तीन लांब, दोन आखूड. ८८. हे कुणाला नमस्कार म्हणून पाठवत नाहीत, हे फक्त लाडक्या माणसाला पाठवतात.

"आई, तुला हे कुणी शिकवलं?"

"कोण शिकवणार? रोज कामावर जाताना दारावर वाजवून जायचे. मला काय कळत नव्हतं होय?"

मामा पन्नाशी ओलांडलेला, बँकेत अधिकारी. आळेफाटा येईपर्यंत गप्प होता.

शनिवार : सिन्नर – जोगलटेंभी – नांदूर मध्यमेश्वर

गोंदेश्वराला सकाळी साडेसातला पोचा, उगाच नऊ वाजवू नका. काळ्या दगडावर तिरपं ऊन असतं तेवढाच वेळ नक्षी उठून दिसते, नंतर सगळं सपाट होतं. यादवकाळातलं हे शिवपंचायतन. मधे महादेव, चार कोपऱ्यांना विष्णू, गणपती, पार्वती आणि सूर्य, समोर नंदीचा मंडप. शिखराच्या चारी बाजूंनी सरळ वर जाणारे नक्षीचे पट्टे आणि त्यांच्यामध्ये रांगेनं लहान लहान शिखरं, अशी भूमिज पद्धतीची बांधणी. गावातल्या इतक्या मोठ्या देवळात सकाळी आम्ही सोडून दोनच माणसं होती, एक झाडणारी बाई आणि एक अभ्यास करणारा पोरगा.

अप्पांकडे अॅग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रोलात बारा फोटो. रोल महाग, म्हणून एका रविवारी एकच फोटो काढायचा असा त्यांचा नियम. या देवळाचा फोटो आमच्याकडे आहे, पण त्यात देऊळ कोपऱ्यात गेलंय. मधोमध जोत्यावर आजी बसलेली, डोळे उन्हानं बारीक, मांडीवर माझी आई. मागे पेन्सिलीनं लिहिलंय, "गोंदेश्वर, दक्षिणेकडून." आजीला त्याच जागी बसवायचा आमचा बेत होता. ती म्हणाली, "दगड गार आहे," आणि उभीच राहिली. बरोबर होतं तिचं, दगड खरंच गार होता.

त्यांच्या बिऱ्हाडाचा वाडा आता नाही. तिथे चार मजली इमारत आहे, खाली मोबाइलचं दुकान. आजी गल्लीत उभी राहून "इथे नळ, इथे जिना" असं हवेत दाखवत असताना समोरच्या शिंप्याच्या दुकानातून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत बाहेर आले. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "तारमास्तरांच्या वहिनी का?"

पुढचा दीड तास दुकानातच गेला. चहा दोनदा. अप्पांनी त्यांचा व्हॉल्व्हचा रेडिओ कितीदा तरी दुरुस्त करून दिला होता. "मास्तर पैसे घ्यायचे नाहीत. मग मी त्यांच्या शर्टाच्या कॉलरी उलटवून द्यायचो." कॉलर घडीवर झिजली की उसवायची, पालटायची आणि झिजलेली बाजू आत घालून पुन्हा शिवायची. शर्ट नव्यासारखा. त्यांनी हातातल्या हातात ते करून दाखवलं, टाके कुठून सोडायचे, टोकं कशी धरायची. आजी थक्क. "म्हणजे ह्यांचे शर्ट त्यामुळे टिकायचे? मी इतकी वर्षं समजत होते माझ्या धुण्यामुळे."

निघताना ते म्हणाले, "दर रविवारी सायकल एसटीच्या टपावर टाकून जायचे. कुठे कुठे चिखलात फिरायचे, पण सायखेड्याहून सव्वापाचची गाडी कधी चुकवली नाही. कंडक्टर ओळखीचा झालेला, दिसले नाहीत तर दोन मिनिटं थांबायचा."

दुपारी नायगावमार्गे जोगलटेंभी. दारणा इथे गोदावरीला मिळते. नाण्यांचा नाद असलेल्यांना हे नाव ठाऊक असतंच. १९०६ साली इथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त. सगळी क्षत्रप राजा नहपानाची, एका बाजूला त्याचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. गंमत अशी की त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप मारलाय. नहपानाला हरवलं, पण त्याची चांदी वितळवण्याच्या भानगडीत न पडता तशीच पुन्हा ठोकली. काही नाण्यांवर नव्या छापातल्या डोंगराच्या तीन कमानींखालून नहपानाचं नाक डोकावतं. असं नाणं विकत घेणं अप्पांच्या पगारात बसणारं नव्हतं. दुसऱ्याच्या संग्रहातलं नाणं पातळ कागदाखाली ठेवून वरून पेन्सिल घासायची आणि तो ठसा वहीत डकवायचा, हा त्यांचा नाणेसंग्रह. त्या वहीत एक ठसा असा आहे की त्यात दोन्ही राजे दिसतात.

संगमावर बघण्यासारखं म्हणाल तर नदी, घाट आणि धुणं वाळत घातलेलं. साठ्याची पाटीबिटी काही आमच्या नजरेला पडली नाही. कुणी हळूच "जुनं नाणं आहे" म्हणत जवळ आलं तर घेऊ नका. एक तर बहुधा ओतीव नकली असतं, आणि खरं असेल तर जमिनीत सापडलेला ठेवा १८७८ च्या कायद्यानं सरकारला कळवावा लागतो.

नांदूर मध्यमेश्वरला पोचेपर्यंत चार वाजले. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी बंधारा बांधला. वरून येणारा गाळ वर्षानुवर्षं साचत गेला, पाणी उथळ झालं, मधे बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. धरण म्हणून हे वाईटच, पण पक्ष्यांना दुसरं काय पाहिजे? १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. अप्पा यायचे तेव्हा यातलं काहीच नव्हतं, मनोरेही नव्हते.

चापडगावच्या बाजूनं आत गेलो. सोबत गावातला एक तरुण वाटाड्या घेतला आणि तुम्हीही घ्या. दुर्बीण त्याच्याकडे असते, पण खरा उपयोग त्याच्या डोळ्यांचा. चित्रबलाक, जांभळ्या पाणकोंबड्या, शेकाटे, हळदीकुंकू बदकं, दूरवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ. मामा अप्पांची वही उघडून ताडून बघत होता. प्रत्येक पानाला तारीख, हवा, वारा कुठून, पक्षी, आणि शेवटच्या रकान्यात 'परत'. परत ४.००. परत ४.००. परत ३.५०. सायकलनं सायखेडा गाठायचं तर चारला निघायलाच हवं.

सूर्य कलल्यावर वाटाड्यानं आम्हाला बाहेर बंधाऱ्याच्या रस्त्यावर आणलं. म्हणाला, आता बघा. आणि मग भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, आल्या. आधी क्षितिजावर धुरासारखं काहीतरी, मग तो धूर वळायला लागला, दुमडला, फाकला, पुन्हा एकत्र झाला. थवा डोक्यावरून गेला तेव्हा पंखांचा आवाज अंगावर आला. पाणकणसात शिरताना अख्खा थवा एकदम ओतल्यासारखा खाली गेला आणि तिथून जो कलकलाट सुरू झाला तो थांबेचना. त्याच वेळी बदकं उलट दिशेला उठत होती, रात्री शेतांमध्ये चरायला. जाणारे आणि येणारे एकमेकांच्या वरून.

मामा वहीची पानं उलटत होता. भोरड्यांची अशी एकही नोंद नाही. "कमाल आहे. पक्षी बघणाऱ्याला संध्याकाळ म्हणजे पर्वणी. एकदा तरी थांबायला काय झालं होतं अप्पांना?"

"मला रात्री भीती वाटायची," आजी म्हणाली.

तेव्हा ती एकोणीस वर्षांची, गाव नवं. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी अप्पा अंजनेरीच्या डोंगरावर गेले, परतीची गाडी चुकली आणि मुक्काम पडला. ती कंदील लावून रात्रभर दाराला पाठ टेकून बसली. सकाळी ते आले. ती काही बोलली नाही, त्यांनी काही विचारलं नाही, फक्त कंदिलातलं संपलेलं तेल बघितलं. त्यानंतर नोकरीचं काम सोडलं तर अप्पा घराबाहेर कधी राहिले नाहीत. सिन्नर सुटलं, पुण्याला भरल्या घरात आले, तरीही नाही.

"मी जाऊ नका म्हणाले नव्हते हं," आजी जरा घाईनं म्हणाली. "तसं कुणाला वाटायला नको."

मुक्काम जवळच्या द्राक्षबागेतल्या घरी होता. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, कांद्याची पात, ठेचा. थंडी इतकी की ताटलीतलं तूप वाढता वाढता थिजत होतं. शेकोटीपाशी आजीची कळी खुलली आणि तिनं शेवटच्या तारेची गोष्ट सांगितली. १४ जुलै २०१३, तारसेवेचा शेवटचा दिवस. अप्पा तार करायला म्हणून तार ऑफिसात गेले तर ही रांग. आयुष्यात कधी तार न केलेली मंडळी आठवण म्हणून आलेली. अप्पांनी घरच्याच पत्त्यावर तार केली: "उशीर होईल, जेवून घे." मग घरी येऊन जेवले. तार नंतर आली. उशीर होणार असल्याचं त्यांनी बायकोला कळवलं ते जन्मात एकदाच, तेही स्वतः घरी बसलेले असताना.

रविवार : नांदूर मध्यमेश्वर – नाशिक – पुणे

निफाडची थंडी पेपरात वाचणं वेगळं आणि पहाटे पाचला अंगावर घेणं वेगळं. दर हिवाळ्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा छापून येतो. अप्पा तो आकडा आणि आपल्या गॅलरीतला आकडा शेजारी शेजारी लिहीत. बागेच्या कडेला शेकोट्या धुमसत होत्या. तापमान फार उतरलं की द्राक्षाचे मणी तडकतात, वाढ थांबते, म्हणून धुराचं पांघरूण घालायचं आणि पहाटे पाणी सोडायचं. बागमालक रात्रभर जागाच होता. आमच्या थर्मामीटरवर ७ अंश होते. तो म्हणाला, "अजून दोन उतरलं असतं तर तुम्हालाही बोलावलं असतं लाकडं टाकायला."

सूर्य आल्यावर पाण्यावरचं धुकं उठेपर्यंत काहीच दिसत नाही, फक्त आवाज येतात. त्यामुळे पहाटे जायचं तर पोचायची घाई करू नका, साडेसातपर्यंत चहा घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम, कपडे मातकट रंगाचे, आणि लहान मुलं असतील तर खाऊ बरोबर हवाच, आत काही मिळत नाही. सकाळचे तास आम्ही मनोऱ्यावर काढले. आजी खाली खुर्चीवर, आणि सगळ्यात आधी दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी दिसला तो तिला. सगळी बदकं एकदम उठली, म्हणजे वरून कुणीतरी आलं असणार, असा तिचा तर्क. हे तिला कुणी शिकवलं, असं या वेळी मामानं विचारलं नाही.

नाशिकला मिसळ खाल्ली. पापड आणि दह्याबरोबर, रस्सा काळपट. तिखट मागितली तर तिखट मिळते, आम्ही मध्यम घेतली आणि तरी मामाचं नाक वाहत होतं.

मग पांडवलेणी. पायऱ्या बऱ्याच आहेत, म्हणून आजी पायथ्याला फाळके स्मारकाच्या बागेत थांबली. दहा नंबरच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची मुदत ठेवच म्हणा ना. त्यानं गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, २,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) दरमहा शेकडा एक व्याजानं ठेवले. मुद्दल परत घ्यायची नाही, व्याजातून वर्षावासातल्या, म्हणजे पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या, २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. मामानं मनातल्या मनात हिशेब केला. महिन्याला २०, वर्षाचे २४०, वीस बारे २४०. "चोख! दुसऱ्या श्रेणीकडचे १,००० मात्र पाऊण टक्क्यानं. तेव्हाही बँकाबँकांत फरक होता तर." तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, आपल्या मुलानं क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, कसा निःपात केला हे सांगणारा. मुलगा म्हणजे तोच, नाण्यावर छाप मारणारा. शनिवारी संगम आणि रविवारी ही दोन लेणी असा क्रम लावलात तर गोष्ट पुरी होते.

अंजनेरीजवळचं नाण्यांचं संग्रहालय वेळेअभावी राहिलं. जाणार असाल तर आधी चौकशी करून जा. अंजनेरीचं नाव काढल्यावर आजी म्हणाली, "पुढच्या वेळी तिथेच राहू की एक रात्र," त्यामुळे मामानं तारखा बघायला सुरुवात केली आहे.

आता घरी रोज संध्याकाळी एक काम चालतं. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जुन्या नोंदी भरता येतात. त्यांना तारीख आणि जागा लागते, वेळही देता येते, आणि अप्पांच्या 'परत ४.००'मुळे आमच्याकडे निघाल्याची वेळ प्रत्येक दिवसाची आहे. अडचण अक्षराची. तारेत शब्दाला पैसे पडत, ती सवय वह्यांतही उतरलेली, सगळं आद्याक्षरांत. वाचता येतं ते फक्त आजीला. 'ह.कुं.' म्हणजे हळदीकुंकू बदक, 'जां.पा.' म्हणजे जांभळी पाणकोंबडी. ती सांगते, मी भरते. सध्या १९७३ चालू आहे आणि गाडी 'क.प.'वर अडली आहे. मामा म्हणतो कमळपक्षी. आजी म्हणते कपडे, परटाकडून आणायचे होते, आणि ते आणले नव्हते हेही तिला आठवतंय.